फुकटाचा हिशेब

२०२५ साली वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. तिच्या तीन दिवस आधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुठलाही संगणक बंद पडणार नव्हता. दुसऱ्या दिवशी बटण दाबले की नेहमीचाच पडदा दिसणार होता. फक्त चोरट्यांना या प्रणालीत जी नवनवी भोके सापडतात, ती बुजवण्याचे काम कंपनी त्यापुढे करणार नव्हती. वाडा तोच, पण राखणदार उद्यापासून येणार नाही, असा प्रकार.

शिरूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात सहा संगणक आहेत आणि सहाही या तारखेच्या कचाट्यात सापडले. मी तिथला खजिनदार. सहकारी बँकेत तीस वर्षे खतावण्या केल्यामुळे पैशांचा कुठलाही प्रश्न आला की कार्यकारिणी माझ्याकडे बघते. फेब्रुवारीच्या सभेत ठरले, की नवे संगणक घ्यायचे की जुनेच चालवायचे आणि ‘लिनक्स फुकट असते म्हणतात ते खरे का’, याचा लेखी अहवाल मी द्यावा. त्याच सुमारास दौंडहून भाच्याचा फोन आला. स्टेशनजवळ त्याचे जमाखर्च लिहून देण्याचे आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान आहे. त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता. सहा-सात महिने मी न्हावरा-चौफुला करत दौंडच्या खेपा घातल्या, दोन्हीकडचा हिशेब एकाच वहीत मांडला आणि दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरे आली. हा लेख म्हणजे त्या वहीची स्वच्छ प्रत.

आधी शब्दांचा थोडा निकाल लावतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि आपली कामाची सॉफ्टवेअर यांच्यामधला कारभारी. विंडोज हा पगारी कारभारी आहे. तो कंपनीचा आहे, आपल्याला वापरायचा फक्त परवाना मिळतो, आणि त्याचे आतले कामकाज बघायची मुभा नाही. लिनक्सचे उलट आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, लायनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याला लागणारा गाभा लिहायला घेतला, आणि या दोन धाग्यांतून जी प्रणाली विणली गेली तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्याने त्या मंडळींना हा फरक समजावता समजावता नाकी नऊ आले. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन वेगळे शब्द आहेत. तरी बोलताना आपण तिसराच वापरतो, ‘फुकट’, आणि त्यात थोडा संशय मिसळलेला असतो.

हा संशय कुठून आला ते मला वही मांडताना कळले. खर्चाची तुलना करायची तर पहिला रकाना परवान्याच्या किमतीचा. विंडोज ११ची घरगुती आवृत्ती सुटी घ्यायला गेलो तर दहा हजार रुपयांच्या घरात जाते, व्यावसायिक आवृत्ती त्याहून बरीच महाग. लिनक्स शून्य. इथेच हिशेब संपायला हवा होता. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या वाचनालयाच्या पावत्या काढून बसलो तेव्हा विंडोजच्या परवान्यासाठी एकही रुपया खर्ची पडलेला दिसला नाही. दौंडच्या दुकानातही तेच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेला संगणक यायचा, त्यात जोडणारा मुलगा सीडी घालून विंडोज ‘टाकून’ द्यायचा, वर मराठी फॉन्ट आणि हिशेबाचे सॉफ्टवेअरही टाकायचा. मजुरी तेवढी द्यायची. म्हणजे आमच्या भागात पगारी प्रणाली विरुद्ध मोफत प्रणाली अशी लढत कधी झालीच नाही. झाली ती चोरीच्या फुकटाची आणि हक्काच्या फुकटाची, आणि चोरीचे फुकट ओळखीचे असल्याने तेच जिंकत राहिले.

हे आमच्यापुरतेच नव्हते. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या ‘बीएसए’ या संघटनेने २०१७ सालासाठी केलेल्या पाहणीत भारतातल्या संगणकांवरचे ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना असल्याचे म्हटले आहे. ही संघटना विक्रेत्यांचीच आहे, त्यामुळे आकड्याकडे थोडे डोळे बारीक करून बघावे; पण शिरूरच्या बाजारपेठेत फिरलेला माणूस तो आकडा जास्त आहे असे म्हणणार नाही. कॉपीराइट कायद्याचे ६३-ब हे कलम याबाबत स्पष्ट आहे. विनापरवाना प्रत आहे हे माहीत असून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते. कार्यकारिणीत मी हे कलम वाचून दाखवले तेव्हा दोन मिनिटे कोणी बोलले नाही. मग एका सदस्यांनी विचारले, “कोणाला पकडलंय का आपल्याकडं?” मला माहीत असलेले उदाहरण नव्हते. ते मिनिटबुकात लिहिले नाही.

पण चोरीच्या प्रतीचे बिल पोलिसांकडूनच येते असे नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातले संगणक कुलूपबंद केले आणि प्रत्येकी ३०० डॉलर मागायला सुरुवात केली. तो ज्या भोकातून शिरला त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. पण चोरीची प्रत असलेले लोक अपडेट मुद्दाम बंद ठेवतात, कारण अपडेट आले की पडदा काळा पडून ‘ही प्रत अस्सल नाही’ असे लिहून येईल ही धास्ती. भाच्याच्या दुकानात पुढच्या वर्षी याच जातीचा दुसरा एक विषाणू शिरला. सगळ्या फायलींच्या नावांना एक परके शेपूट लागले. सात महिन्यांचे जमाखर्च गेले, त्यात गूळ व्यापाऱ्यांच्या पट्ट्याही होत्या. कागदावरून सगळे पुन्हा भरायला दोन मुले ठेवली, दीड महिना गेला, तीन गिऱ्हाइके कायमची गेली. वहीत मी हा खर्च ‘विंडोज’च्याच नावे मांडला आहे. खरे तर तो विंडोजचा नाही, फुकटेपणाचा आहे. पण आमच्याकडे या दोन गोष्टी इतक्या एकजीव झाल्या होत्या की वेगळ्या रकान्यात टाकता आल्या नाहीत.

आता वाचनालयाचा हिशेब. आमचे सहा संगणक रांजणगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने नवे घेताना आम्हाला दिले. इंटेलच्या चौथ्या पिढीचे आय-३ प्रोसेसर, ४ जीबी मेमरी. देताना डिस्क कोऱ्या केलेल्या. मागे परवान्याचे चिकटे होते, पण वाचता येण्याजोगे दोनच यंत्रांवर. विंडोज ११ला, कंपनीच्या नियमाप्रमाणे, साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची चिप लागते. आमच्या यंत्रांत दोन्ही नाही. आडमार्गाने विंडोज ११ बसवून देणारे आहेत, पण पुढची अपडेट येतील याची हमी कोणी देत नाही. बरे, प्रामाणिकपणे विंडोज १०चाच परवाना घ्यावा म्हटले, तर मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या संकेतस्थळावरची त्याची विक्री जानेवारी २०२३ अखेरच थांबवली आहे. चोरी सोडायची ठरवली तेव्हा दुकान बंद झालेले होते.

जादा देखभाल विकत घेता येते. घरगुती वापरासाठी एक वर्षाची, ३० डॉलरला किंवा आपल्या सेटिंग कंपनीच्या खात्यात साठवायला तयार असाल तर मोफत. संस्थांसाठी दर वेगळा आहे. पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर. आमची सहाही यंत्रे परवान्याची आहेत असे क्षणभर धरले आणि डॉलरला ८८ रुपये लावले, तर तीन वर्षांत सव्वादोन लाख. विंडोज ११ आधीच घातलेले सहा साधे नवे संगणक पस्तीस हजारांच्या भावाने घेतले तर दोन लाख दहा हजार. म्हणजे जुन्याच्या राखणदारीचा पगार नव्या घरापेक्षा जास्त. हा दर ठरवणाऱ्याला आपल्या गिऱ्हाइकाने काय करावे असे वाटते, हे समजायला बँकेतला अनुभव लागत नाही. शैक्षणिक संस्थांसाठी हाच दर पहिल्या वर्षी एक डॉलर आहे, पण त्यासाठी आधी अस्सल परवाना हवा. तिथे आमचे दार बंद.

उरला तिसरा मार्ग. लिनक्सच्या शेकडो वाणांपैकी आम्ही ‘लिनक्स मिंट’ घेतले, कारण त्याची मांडणी जुन्या विंडोजच्या जवळची आहे आणि बावीस क्रमांकाच्या आवृत्तीची देखभाल २०२९पर्यंत मिळणार आहे. प्रत्येक यंत्रात जुनी फिरती डिस्क काढून साधी एसएसडी घातली, मेमरी ८ जीबी केली. यंत्रामागे अडीच हजार, एकूण पंधरा हजार. दोन लाख दहा हजारांपुढे पंधरा हजार. राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अनुदान २०२२ साली ६० टक्क्यांनी वाढले हे खरे, पण त्यात कर्मचाऱ्याचा पगार, वीज आणि पुस्तके भागवून संगणकाला काय उरते हे ग्रंथालय चालवणाऱ्या वाचकांना सांगायला नको.

इथे अहवाल संपवून टाळ्या घेता आल्या असत्या. पण ‘मालकीचा एकूण खर्च’ नावाची एक कल्पना आहे. गार्टनर या सल्लागार कंपनीने १९८७ साली ती रूढ केली. वस्तूची किंमत म्हणजे दुकानातला भाव नव्हे, ती वापरण्यात शेवटपर्यंत जे जे जाते ते सगळे, असा तिचा अर्थ. मायक्रोसॉफ्टने २००४ साली लिनक्सविरुद्ध जाहिरातींची मोठी मोहीम काढली ती याच मुद्द्यावर. परवाना स्वस्त असेल, पण शिकवणे, दुरुस्त करणे, माणसे मिळवणे यांत ते महाग पडते, असे तिचे म्हणणे. विक्रेत्याचे म्हणणे म्हणून ते सोडून देणे सोपे आहे. मी सोडले नाही, कारण माझ्या वहीतला सर्वांत लांब रकाना नेमका तोच झाला.

त्यातला मोठा वाटा मराठीने खाल्ला. वाचनालयाची पुस्तकयादी, सभासदांची नोंद, वीस वर्षांची इतिवृत्ते हे सगळे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेले. काही फायली सी-डॅकच्या ‘सुरेख’ आणि ‘योगेश’मध्ये, काही दुसऱ्याच कुठल्यातरी. या जुन्या पद्धतीत संगणकाला मराठी कळतच नाही. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. लिनक्सवर फाईल उघडली, मुखवटा नाही, त्यामुळे कार्यकारिणीच्या ठरावाऐवजी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. दोष लिनक्सचा नाही. नव्या विंडोजवरही तो फॉन्ट नसेल तर हेच होते. बदलून देणारी साधने मिळतात, पण ती ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांत हमखास अडखळतात. जुन्या पद्धतीत वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर. रफाराचे बरोबर उलट. त्यामुळे ‘कार्यकारिणी’ हा एकच शब्द यंत्राला दोनदा चकवतो. आमच्या ग्रंथपालबाई आणि मी दर शनिवारी बसून तेरा आठवडे हे दुरुस्त केले. बाहेरून करून घेतले असते तर टायपिंगच्या चालू दराने अठरा-वीस हजार झाले असते, म्हणजे एसएसडी-मेमरीपेक्षा जास्त.

मात्र एकदा युनिकोडमध्ये आल्यावर मराठीची अडचण संपली. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक दोन्ही प्रणालींत तोच असतो. अक्षरे दिसायलाही बरी. रेड हॅट या लिनक्स कंपनीने ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले आणि तिच्या पुण्याच्या कार्यालयातून त्यांच्यावर आणि लिनक्सच्या मराठीकरणावर वर्षानुवर्षे काम झाले. शिरूरहून पुणे तासा-दोन तासांवर, आणि आम्हाला ते वीस वर्षे कळले नाही.

दुसरा खर्च सवयीचा. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, पाठोपाठ एमएस-सीआयटी आले, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले, आणि आमच्या तालुक्यातल्या घराघरांनी फी भरून संगणक शिकला. ही मोठीच गोष्ट झाली. पण शिकला तो विंडोज आणि ऑफिसच्या मेनूंमधून. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात, त्यांनी २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली. पण आमच्याकडच्या एकाही वर्गात ती मी पाहिली नाही. लिनक्स ‘अवघड’ वाटते याचे बरेचसे कारण हे आहे, की दुसऱ्याची तालीम आपण आपल्या खर्चाने आधीच करून ठेवलेली आहे.

केरळने हे उलट केले. तिथल्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर घेतले, त्यावरच पाठ्यपुस्तके लिहिली, शिक्षकांना त्यातच तयार केले. २०१९ साली दोन लाख शालेय संगणकांवर लिनक्स घालताना तीन हजार कोटी वाचतील असे तिथल्या सरकारी संस्थेने सांगितले. हा आकडा मला पटत नाही. त्यात यंत्रामागे दीड लाखाची सॉफ्टवेअर विकत घेतली असती असे गृहीत धरले आहे, आणि तेवढी कोणत्याच शाळेने घेतली नसती. वाचलेल्या पैशांपेक्षा माणसांवर जे खर्च केले ते मला महत्त्वाचे वाटते. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २०१३पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले, कोटभर युरो वाचवल्याचे सांगितले, आणि २०१७ साली परत विंडोजकडे जायचा ठराव केला. बाहेरच्या कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवघेव जमेना, काही खास कामांची सॉफ्टवेअर चालेनात, अशा तक्रारी होत्या. म्युनिकची गोष्ट वाचताना मला सारखे दौंड आठवत होते.

दौंडला मी भाच्याच्या तीनपैकी दोन संगणकांवर लिनक्स घालून दिले. नऊ दिवस टिकले. पहिल्या दिवशी प्रिंटर अडला. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर. त्याचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर आहे, पण बसवता बसवता माझी रात्र गेली आणि सकाळी पुन्हा रुसला. तिसऱ्या दिवशी अंगठा घ्यायचे यंत्र. त्याच्याकडच्या यंत्राचे सॉफ्टवेअर विक्रेत्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच दिलेले. मग टॅली. ते विंडोजसाठीच बनते. लिनक्सवर ‘वाइन’ नावाच्या युक्तीने उघडते, पण दुसऱ्याच्या जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेला कोणी युक्तीवर विसंबत नाही. नवव्या दिवशी एका ठेकेदाराची निविदा भरायची होती, मुदत दुपारी तीनची, आणि डिजिटल सहीची चावी संगणक ओळखेना. ठेकेदार उठून समोरच्या दुकानात गेला.

“मामा,” भाचा म्हणाला, “तुमच्या वाचनालयात माणूस पुस्तक वाचत बसतो. माझ्याकडं तो घड्याळ बघत उभा असतो.”

माझ्याकडे याला उत्तर नव्हते. त्याने अठरा हजारांना आठव्या पिढीचे, वापरलेले पण विंडोज ११चा अस्सल परवाना असलेले यंत्र पुण्याहून आणले. टॅली, अंगठा, सही हे सगळे त्याच्यावर. टॅलीचा परवानाही या वेळी रीतसर घेतला. दुसऱ्या संगणकावर लिनक्स ठेवले आहे, त्यावर सातबारा काढणे, निकाल बघणे, अर्ज टाइप करणे चालते, कारण ती सगळी कामे ब्राउझरमध्येच होतात. तिसरा भंगारात गेला, चारशे रुपये आले. त्याचा एकूण खर्च आमच्या सहा संगणकांच्या दुपटीहून अधिक झाला, आणि माझ्या मते तो योग्य झाला. त्याच्या धंद्याची हत्यारेच ज्या कारभाऱ्याशी करार करून बसली आहेत, तो कारभारी बदलणे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. ते अंगठ्याची यंत्रे मान्य करणाऱ्यांच्या आणि सरकारी संकेतस्थळे बांधणाऱ्यांच्या हातात आहे. केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५चे आहे. दौंडच्या त्या गल्लीत ते अजून पोचायचे आहे.

ऑगस्टच्या सभेत मी अहवाल मांडला. परवाना शून्य, सुटे भाग पंधरा हजार, माझे आणि ग्रंथपालबाईंचे तेरा शनिवार, पुण्याहून एकदा बोलावलेल्या मुलाचे दोन हजार. शेवटी एक सूचना ठेवली, की मिंट बनवणारे लोक देणग्यांवर चालतात, तेव्हा आपण वर्षाला दोन हजार रुपये त्यांना पाठवावेत. “मोफत आहे म्हणालात ना? मग पैसे कसले?” असे ज्यांनी विचारले, त्यांनीच कलम ६३-ब वाचल्यावर पहिला प्रश्न विचारला होता. अर्धा तास चर्चा झाली. ठराव सातास चार मतांनी मंजूर झाला. त्यानंतर लेखापरीक्षकांनी विचारले, की परदेशात पाठवलेल्या या रकमेची पावती कोणत्या खर्चाखाली दाखवणार? तूर्त ते दोन हजार ‘संगणक देखभाल – तरतूद’ या नव्या शीर्षाखाली खात्यात पडून आहेत.